इंदूरहून बालीच्या नद्यांवर : कुटुंबासह रॅफ्टिंगच्या सहलीची तयारी

रॅफ्टिंगची सहल ठरवताना बहुतेक कुटुंबे आधी विमानाची तिकिटे काढतात, मग हॉटेल पाहतात आणि नदीचा विचार सर्वांत शेवटी, तोही हॉटेलात ठेवलेल्या एखाद्या रंगीत पत्रकावरून करतात. हा क्रम उलटा असायला हवा. आपण ज्या नदीत उतरणार आहोत ती कोणत्या महिन्यात कशी वाहते आणि आपल्या घरातल्या कोणाला झेपेल, कोणाला नाही, हे ठरल्यावरच बाकीच्या गोष्टींना हात घालावा. नदी निवडताना घरातल्या सर्वांत धीट माणसाकडे पाहू नये, सर्वांत कच्च्या माणसाकडे पाहावे. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला मोठ्या लाटा हव्या असतात, पण त्याच रॅफ्टमध्ये गुडघे दुखणारी आत्या आणि पाण्याला घाबरणारी धाकटी बहीणही बसलेली असते.

इंदूरच्या मराठी कुटुंबांसाठी पहिली परदेशी रॅफ्टिंग सहल म्हणून बाली मला सर्वांत सोयीचे वाटते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे आठ अंशांवर असलेल्या या इंडोनेशियन बेटावर वर्षभर उबदार हवा असते, त्यामुळे हिमालयातील नद्यांप्रमाणे गारठून जाण्याचा प्रश्न येत नाही. भारतीयांना तेथे पोहोचल्यावर व्हिसा मिळतो. शिवाय सोपी आणि त्याहून अवघड अशा दोन नद्या एकाच मुक्कामावरून गाठता येतात.

नदीची प्रत समजून घेणे

खळाळत्या पाण्याची अवघडपणानुसार पहिल्यापासून सहाव्यापर्यंत श्रेणी लावण्याची पद्धत जगभर वापरली जाते. पहिल्या श्रेणीत पाणी केवळ वाहते असते. दुसऱ्या श्रेणीत लहान लाटा आणि मोकळी वाट असते. तिसऱ्या श्रेणीत लाटा अंगावर येतात, खडकांमधून वळणे घ्यावी लागतात आणि रॅफ्टमधल्या प्रत्येकाला वल्हे नीट मारावे लागते. चौथ्या श्रेणीतील पाणी जोरकस असते, तेथे चूक सुधारायला वेळ कमी मिळतो आणि पाण्यात पडलेल्याला बाहेर काढणे कठीण होऊ शकते. पाचवी श्रेणी अनुभवी लोकांसाठी असते, तर सहावीत सहसा कोणी उतरत नाही. मात्र ही श्रेणी नदीच्या कपाळावर कायमची लिहिलेली नसते. एका रात्रीच्या मुसळधार पावसानंतर तिसऱ्या श्रेणीचा टप्पा चौथीत जाऊ शकतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अडकलेल्या वस्तूवर पडणारा जोर सुमारे चौपट होतो, त्यामुळे फुगलेली नदी डोळ्यांना दिसते त्याहून बरीच अधिक बलवान असते.

बालीच्या मध्यभागातील उबुद गावाजवळची अयुंग नदी दुसऱ्या ते तिसऱ्या श्रेणीची मानली जाते. खोल, हिरव्यागार घळीतून वाहणारी ही नदी साधारण दोन तासांत पार होते. वाटेत कातळावर कोरलेली रामायणातील दृश्ये लागतात आणि दोन्ही काठांवरून धबधबे कोसळतात. नवख्या माणसासाठी, दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी आणि पन्नाशी ओलांडलेल्या पण चालण्याची सवय असलेल्या पालकांसाठी हीच नदी योग्य आहे. तिची खरी परीक्षा पाण्यात नसते, पायऱ्यांवर असते. नदी घळीत खोल असल्यामुळे सुरुवातीला ओल्या पायऱ्यांवरून खाली उतरावे लागते आणि शेवटी दमलेल्या पायांनी तितकेच वर चढावे लागते. कंपनीच्या जागेनुसार ही संख्या बदलते, पण तीन-चारशे पायऱ्यांचा हिशेब धरूनच जावे.

दुसरी नदी म्हणजे पूर्व बालीतील तेलगा वाजा. ती अगुंग ज्वालामुखीच्या बाजूने उतरते, अयुंगपेक्षा अरुंद आणि अधिक खडकाळ आहे, तिचा प्रवासही लांब आहे आणि तिची श्रेणी तिसरी ते चौथी धरली जाते. येथे रॅफ्ट सतत खडकांवर आपटत, फिरत, कधी कधी पाठीच्या दिशेने खाली जाते. काही ठिकाणी बांबूचे पूल इतके खाली असतात की रॅफ्टमध्ये सपाट आडवे व्हावे लागते. शेवटच्या भागात एका बंधाऱ्यावरून चार-पाच मीटरची उडी येते. ज्यांना ती नको असेल त्यांनी आधीच सांगून काठाने चालत खाली येण्याची सोय विचारून घ्यावी, त्यात कमीपणा काहीच नाही. ज्याने आधी अयुंग केली आहे आणि जो पाण्यात पडल्यावर गांगरत नाही, त्यानेच तेलगा वाजाला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

केव्हा जावे

बालीत साधारणपणे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो आणि नोव्हेंबर ते मार्च पावसाळा असतो. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळी सुट्ट्या तेथे चांगल्या हंगामात येतात. मे महिन्यात अयुंगला पुरेसे पाणी असते आणि आकाशही बहुधा निरभ्र राहते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी उतरते, रॅफ्ट खडकांवर अधिक अडकते आणि वेग मंदावतो, पण लहान मुले बरोबर असतील तर ते पथ्यावरच पडते. दिवाळीच्या सुट्टीत गेल्यास हंगामाच्या कडेवर असल्याचे लक्षात ठेवून एक दिवस हाताशी मोकळा ठेवावा. नाताळाच्या सुट्टीत मात्र पाऊस भरात असतो. तेव्हा रॅफ्टिंग चालू असते, पण पाणी गढूळ आणि फुगलेले असण्याची शक्यता मोठी असते.

आणखी एक तारीख पाहून ठेवावी. बालीतील हिंदू लोक शक संवत्सर पाळतात. आपल्या शालिवाहन शकाप्रमाणेच ते इ.स. ७८ पासून मोजले जाते आणि त्याचा पहिला दिवस, बहुधा मार्चमध्ये, ‘न्येपी’ म्हणून पूर्ण मौनात पाळला जातो. त्या दिवशी विमानतळ चोवीस तास बंद असतो आणि पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही.

सहस्रधारेच्या काठावर पाण्याचे वाचन

बालीला जाण्याआधी खळाळते पाणी कसे असते, हे शांतपणे पाहण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. इंदूरपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर महेश्वर आहे आणि तेथून थोडे खाली, जलकोटीजवळ, नर्मदा काळ्या खडकांमधून असंख्य धारांत फुटते. सहस्रधारा नावाच्या याच जागी राष्ट्रीय पातळीवरच्या कनू स्लॅलमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या फाटकांमधून छोटी नाव हाकण्याच्या स्पर्धा झाल्या आहेत. २०२३ च्या आरंभी मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतील ही शर्यतही येथेच झाली. सहल ठरली की घरातल्या सर्वांनी एक सकाळ तेथे काठावर बसून काढावी.

पाहायचे काय, तर आधी दोन खडकांमधून जाणारी गुळगुळीत, काचेसारखी जीभ पाहावी. तिचे टोक प्रवाहाच्या दिशेने निमुळते होत जाते, तीच मोकळी वाट असते. याउलट टोक वरच्या बाजूला असलेला आकार दिसला, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक दडलेला आहे असे समजावे. मग एखाद्या मोठ्या खडकाच्या खालच्या बाजूला नजर स्थिर करावी. तेथे तरंगणारे पान किंवा फेस पुढे न जाता उलट खडकाकडे सरकताना दिसेल. या उलट्या, संथ पाण्याला रॅफ्टिंगमध्ये ‘एडी’ म्हणतात. गाइड विसाव्यासाठी तेथेच रॅफ्ट वळवतो आणि पाण्यात पडलेल्या माणसालाही शेवटी तेथेच पोहायचे असते. जेथे पाणी खडकावरून सरळ खाली पडून पांढऱ्या फेसात जागच्या जागी गरगरत राहते, ती जागा मात्र सर्वांनी मनात धोक्याची म्हणून नोंदवून ठेवावी. अशा घुसळणाऱ्या पाण्यात वस्तू आणि माणसे अडकून राहतात. सकाळभर असे पाहिले की रॅफ्टमध्ये गाइड अचानक डावीकडे वल्हवायला का सांगतो, हे न सांगता कळू लागते.

हे सारे काठावरूनच करावे, सहस्रधारेत उतरू नये. नर्मदेवर वरच्या बाजूला मोठी धरणे आहेत आणि सोडलेले पाणी कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय आपल्यापर्यंत पोहोचू शकते. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातील धाराजी येथे, अमावास्येच्या स्नानासाठी जमलेले अनेक यात्रेकरू धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले, ही आठवण माळव्यात अजून ताजी आहे.

शरीराची तयारी

पोहता न येणाऱ्यालाही लाइफ जॅकेटसह अयुंगवर जाता येते, पण पोहता न येणे आणि पाण्याची धास्ती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धास्ती असलेला माणूस पाण्यात पडताच शेजाऱ्याला घट्ट मिठी मारतो आणि दोघांनाही अडचणीत आणतो. म्हणून सहलीच्या दीड-दोन महिने आधी शहरातल्या कोणत्याही तरणपुष्करावर, म्हणजे पोहण्याच्या तलावावर, जाऊन एवढेच साधावे : तोंडावर पाणी आले तरी श्वास न बिघडणे आणि पाठीवर निवांत तरंगणे. पायांसाठी आठवड्यातून दोनदा रालामंडळची टेकडी चढावी किंवा देवासच्या माताजींच्या टेकडीच्या पायऱ्या चढून-उतराव्यात. उतरताना गुडघे किती कुरकुरतात याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण अयुंगच्या ओल्या पायऱ्यांवर तोच त्रास होतो. गरोदर स्त्रियांनी, हृदयविकार किंवा अपस्मार असलेल्यांनी, तसेच अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा खांदा निखळण्याचा इतिहास असलेल्यांनी रॅफ्टमध्ये बसू नये. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

कागदपत्रे, पैसे आणि सामान

पासपोर्टची मुदत पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असावी आणि परतीचे तिकीट हाताशी असावे. पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा तीस दिवसांचा असतो, त्याचे शुल्क पाच लाख इंडोनेशियन रुपिया, म्हणजे सुमारे अडीच ते पावणेतीन हजार रुपये आहे. तो आधी ऑनलाइन घेतल्यास विमानतळावरची रांग वाचते. फेब्रुवारी २०२४ पासून बालीत येणाऱ्या प्रत्येक परदेशी पर्यटकाला दीड लाख रुपियांचा वेगळा कर भरावा लागतो, तोही निघण्यापूर्वी ऑनलाइन भरता येतो. हे आकडे बदलत असल्यामुळे तिकिटे काढण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्यावेत.

इंदूरहून मुंबई, दिल्ली किंवा बेंगळुरू गाठून पुढे थेट किंवा सिंगापूर-क्वालालंपूरमार्गे देनपसारला, म्हणजे बालीच्या विमानतळावर, जाता येते. सगळे टप्पे एकाच आरक्षणात घ्यावेत, म्हणजे इंदूरचे विमान धुक्यामुळे किंवा पावसामुळे उशिरा निघाले तर पुढची जबाबदारी विमान कंपनीवर राहते.

फराळाच्या डब्याबाबत एक सूचना कळकळीने करतो. आपल्या माळव्यात खसखस घरोघरी असते आणि प्रवासाला निघताना आई-आजी प्रेमाने अनारसे बांधून देतात. सिंगापुरात खसखस बाळगणे कायद्याने निषिद्ध आहे आणि इंडोनेशियाचे अमली पदार्थांविषयीचे कायदे अत्यंत कडक आहेत. शेव, चिवडा, चकल्या खुशाल न्याव्यात, खसखशीचा एक दाणाही नेऊ नये.

प्रवास विमा घेताना ‘साहसी क्रीडाप्रकार’ हे कलम शोधून वाचावे. बऱ्याच स्वस्त पॉलिसींत रॅफ्टिंग वगळलेले असते किंवा ठरावीक श्रेणीपर्यंतच मान्य असते. त्यासाठी थोडा जास्त हप्ता भरावा लागला तरी भरावा. हॉटेलवर चार पैसे वाचवावेत, येथे वाचवू नयेत.

कंपनी निवडताना

उबुदमध्ये रॅफ्टिंगचे आरक्षण करणारे पावलोपावली भेटतात, पण त्यांतले पुष्कळजण केवळ दलाल असतात. त्यामुळे प्रत्यक्ष नदीवर आपल्याला कोणती कंपनी नेणार आहे, हे आधी विचारावे. मग पुढचे प्रश्न लेखी, व्हॉट्सअॅपवर विचारावेत, म्हणजे उत्तर जपून राहते. प्रत्येक रॅफ्टमध्ये स्वतंत्र प्रशिक्षित गाइड असतो का आणि त्याच्याबरोबर किती प्रवासी बसतात? प्रत्येक रॅफ्टमध्ये बचावाची दोरीची पिशवी आणि प्रथमोपचाराची पेटी असते का? एकटी रॅफ्ट सोडतात की निदान दोन एकत्र जातात? मुलांच्या मापाची जॅकेटे आणि हेल्मेटे आहेत का, आणि किमान वय किती? नदी फुगल्यास सहल रद्द करण्याचा निर्णय कोण घेतो आणि पैसे परत मिळतात का?

या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून मी कंपनीची पारख करतो. ‘आमची सहल कधीच रद्द होत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्याकडे मुळीच जाऊ नये. ‘सकाळी पाणी पाहून कळवू आणि रद्द झाल्यास पैसे परत देऊ’ असे सांगणाऱ्याला चार पैसे जास्त द्यावेत.

नदीवरचा दिवस

पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी रॅफ्टिंग ठेवू नये. रात्रीचे विमान, अडीच तासांचा वेळेतला फरक आणि नवे जेवण यांतून शरीर सावरायला एक दिवस लागतो. मुक्काम उबुदला ठेवावा, एक दिवस विश्रांती, मग अयुंग, मधे एक दिवस मोकळा आणि सगळ्यांचे मन असेल तरच तेलगा वाजा, हा क्रम चांगला जमतो. सकाळची फेरी घ्यावी, कारण पाऊस बहुधा दुपारनंतर येतो.

अंगावर झटपट वाळणारे कपडे असावेत, जीन्स आणि सुती ओढणी नको. पायात मागे पट्टा असलेले फ्लोटर किंवा जुने बूट हवेत, साध्या चपला पहिल्याच लाटेत जातात. चष्म्याला दोरी बांधावी. अंगठ्या, पैंजण आणि मंगळसूत्र हॉटेलच्या तिजोरीत ठेवावे. मंगळसूत्र उतरवण्याबद्दल अनेकींच्या मनात संकोच असतो, याची मला जाणीव आहे, पण जॅकेटच्या बकलात अडकलेली साखळी पाण्यात गळ्याला फास बनू शकते, म्हणून येथे आग्रह धरणेच योग्य होय.

लाइफ जॅकेट घालताना पट्टे खालून वर आवळत यावेत. मग गाइड दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून जॅकेट वर ओढतो. ते कानांपर्यंत सरकले तर ढिले आहे, पुन्हा आवळावे. नीट बसलेल्या जॅकेटमध्ये श्वास घेता येतो, पण हनुवटीखाली मूठ शिरत नाही. हेल्मेट कपाळ झाकेल असे घालावे, मागे सरकवून फोटोसाठी मोकळे कपाळ ठेवू नये. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते, तिच्यावर एक हात सदैव असला पाहिजे. हात सुटलेल्या वल्ह्याची हीच मूठ शेजाऱ्याचे दात पाडते.

रॅफ्टच्या कडेच्या फुगीर नळीवर बसून पावलाचा पुढचा भाग आडव्या नळीखाली रोवायचा असतो, घोट्यापर्यंत नाही. गाइडच्या आज्ञा मोजक्याच असतात : ‘फॉरवर्ड’, ‘बॅकवर्ड’, ‘स्टॉप’. ‘बूम बूम’ ऐकू आले की रॅफ्ट खडकावर आदळणार आहे, तेव्हा वल्हे आत घेऊन दोरी धरावी. पुढे बसलेल्या दोघांनी एका लयीत वल्हवावे आणि मागच्यांनी त्यांच्या पाठीकडे पाहून लय पकडावी.

निघण्याच्या जागी काठावर नारळाच्या पानाच्या छोट्या द्रोणात फुले, तांदूळ आणि उदबत्ती ठेवलेली दिसते. बालीचे हिंदू लोक पाण्याला किती पवित्र मानतात हे त्यांच्या पाटांच्या व्यवस्थेतही दिसते. देवळांच्या आधाराने पाण्याचे वाटप करणाऱ्या त्यांच्या ‘सुबक’ पद्धतीला युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या द्रोणाला पाय लागू न देता बाजूने जावे.

पाण्यात पडल्यास

हा भाग निघण्यापूर्वी घरी मुलांकडून तोंडपाठ करून घ्यावा. पडल्यावर प्रथम रॅफ्टची बाहेरची दोरी धरावी. ती हाताला लागत नसेल तर पाठीवर व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि बोटे पाण्याच्या वर ठेवावीत, म्हणजे खडक आला तर पावलांनी रेटता येतो. पाणी गुडघाभर वाटले तरी वाहत्या प्रवाहात उभे राहण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकते आणि मागून येणारे पाणी माणसाला पुढे आडवे करून दाबून धरते. मांडीला नदीचा तळ घासू लागेपर्यंत उभे राहायचे नाही. गाइडने दोरीची पिशवी फेकली तर पिशवी न धरता दोरी धरावी, ती खांद्यावरून घेऊन तिच्याकडे पाठ करून पाठीवरच राहावे आणि मनगटाला कधीही गुंडाळू नये. पुढे पडलेले झाड किंवा बांबूंचा गुंता दिसला तर मात्र पाठीवरची स्थिती सोडून, पालथे होऊन, त्यापासून दूर जोराने पोहावे. त्या फांद्या पाणी जाऊ देतात, माणसाला अडवून ठेवतात. रॅफ्ट उलटून आपण तिच्याखाली आलो, तर हात वर लावून एकाच दिशेने सरकत बाहेर यावे. वर येताच गाइडला ऐकू जाईल असे आपले नाव सांगावे, कारण तो त्या क्षणी डोकी मोजत असतो.

जेवण आणि त्यानंतरचे दिवस

शेवटच्या चढानंतर बहुधा तयार जेवण असते. शाकाहारी मंडळींनी आरक्षणाच्या वेळीच सांगून ठेवावे आणि ताटावर बसताना पुन्हा विचारावे. भाज्यांच्या पदार्थांतही ‘तेरासी’ म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी असते आणि ‘नासी गोरेंग’वर म्हणजे परतलेल्या भातावर अंडे येते. टोफू, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि साधा भात बिनदिक्कत मागावा.

कपडे बदलताना खरचटलेल्या जागा स्वच्छ पाण्याने धुऊन त्यांवर जंतुनाशक लावावे आणि कान कोरडे करावेत. नदीचे पाणी तोंडात गेले असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण उष्ण प्रदेशातील नद्यांच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो आणि त्याची लक्षणे बहुधा एक-दोन आठवड्यांनी, म्हणजे आपण इंदूरला परतल्यावर दिसतात. परतल्यानंतरच्या महिनाभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे किंवा डोळे लाल होणे यांपैकी काहीही झाले, तर डॉक्टरांना डेंग्यूची शंका येण्याआधीच, आपण परदेशात नदीच्या पाण्यात उतरलो होतो, हे स्वतःहून सांगावे.